दोन कंसांच्या मधलं

कोकिळाताई दुकानात आली तेव्हा शालिग्राम कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढत होता. तिनं समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका काउंटरवर उघडी ठेवली आणि एका नोंदीवर बोट टेकवलं.

"भाऊ, हे पुस्तक तूच केलं न?"

"टाईप तिघांनी केलं, ताई. मी फक्त साफसूफ केली."

"मंग वाच. माही नोंद आहे."

त्यानं वाचलं. नाव, गाव अमडापूर, जन्म १९८५, उंची पाच फूट दोन, शिक्षण डी.एड. खाली आई वच्छलाबाईचं नाव आणि मोबाईल नंबर. बाजूला फोटो.

"बरोबर तर आहे."

"बरोबर? मी विधवा आहे, ते कुठं आहे याच्यात? माही चार वर्षांची पोट्टी कुठं आहे?"

शालिग्रामचा हात झेरॉक्सच्या झाकणावरच राहिला.

"काल पिंपळगाव राजाचे कारभारीबुवा पोराले घेऊन पाहाले आले," ती सांगू लागली. "पोहे झाले, इचारपूस झाली. आमाले वाटलं, पुस्तकात सारं वाचूनच आले. तेवढ्यात पोट्टी आतून पळत आली न आई म्हणून मांडीवर बसली. बुवा ताडकन उठले. हे पुस्तक माह्या मायसमोर आपटलं. म्हणे, पोट्टी लपवून सोयरीक करता? लबाड बाई आहे ही. सारी गल्ली दारात, भाऊ. न पोट्टी मांडीवर."

तिनं नोंदीवरचं बोट उचललं. मग हळूच म्हणाली, "फॉर्मवर मी माह्या हातानं लिहिलं होतं. पण आता एवढे लोक म्हणून राह्यले, त मलेच वाटते, लिहिलं होतं का नाही? तुह्याकडं जुनं काही असंन त दाखव न."

जुनी फाईल समोरच्याच कॉम्प्युटरमध्ये होती. त्याच्या कोपरापासून दीड हात लांब.

"डिलीट झाली ताई," शालिग्राम म्हणाला.

ती "बरं" म्हणाली, पुस्तिका पिशवीत टाकून निघून गेली. सातबारावाला म्हणाला, "अबे, माह्या दोन प्रती राह्यल्या." शालिग्रामनं त्याच पानाच्या सहा काढल्या.

खरं तर "डी.एड." नंतरची मोकळी जागा पाहिली तेव्हाच त्याला कळलं होतं, काय झालं असेल ते.

पुस्तिकेत चारशे साठ नोंदी. एका ओळीत एक माणूस. टाईप करणाऱ्यांनी ओळीच्या शेवटी कंसात आपल्या खुणा ठेवलेल्या, (फोटो आला), (नंबर तपासणे). समितीचे अध्यक्ष रंगरावकाका म्हणाले होते, "शाल्या, हे कंसबिंस काढून टाक. आठ दिवस लागतीन का?" शालिग्राम हसला होता. शिकवायला कुणी नव्हतं, पण इंटरनेटवर वाचून वाचून तो रेग्युलर एक्स्प्रेशन शिकला होता. काय शोधायचं ते नेमकं न लिहिता त्याचा साचा लिहायचा, की मशीन त्या साच्यात बसणारं सगळं हुडकून बदलून टाकतं. त्यानं साचा लिहिला. उघडा कंस, मग टिंब, मग तारा, मग बंद कंस. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर. तारा म्हणजे कितीही वेळा. सापडेल ते काढ, त्या जागी काही ठेवू नको.

एक बटण. तीनशेच्या वर बदल. काकांनी पाठीवर थाप मारली, "पोट्टं आहे का भूत!" शालिग्रामनं पहिल्या दहा नोंदी पाहिल्या. छान होत्या. बाकीच्या पाहिल्या नाहीत. खोटं कशाला, कंटाळा आला होता. आणि थाप मिळून गेली होती.

ताई गेल्यावर त्यानं शटर अर्धं ओढलं आणि जुनी फाईल उघडली. कोकिळाताईची ओळ होती,

डी.एड. (२००५), विधवा, एक मुलगी वय ४, अपेक्षा मुलीला जीव लावणारा (फोटो आला)

तारा हावरा असतो. पहिल्या बंद कंसाशी थांबत नाही, ओळीतला शेवटचा कंस गाठतो आणि मधलं सगळं गिळतो. ताऱ्यापुढं एक प्रश्नचिन्ह ठेवलं असतं, तर जवळच्या कंसाशी थांबला असता. हे त्यानं वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, हेच तर जास्त लागत होतं. तिचा नवरा, तिची पोरगी, तिची अपेक्षा, सगळं त्याच्या एका बोटाखाली गेलं होतं.

दोन फाईली शेजारी शेजारी लावून त्यानं शोधलं. अशा ओळी बारा निघाल्या. एक तिची. अकरा दुसऱ्यांच्या.

तो तसाच रंगरावकाकांकडं गेला. काका ओट्यावर बसून पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही."

"मंग सांगूही नोको. एक चूक निघाली त चारशे घरं म्हणतीन, आमच्यातही चूक आहे. समितीचं नाव जाईन. अन् तिचं काय बे, तसंही दुसरंच लग्न."

हे वाक्य ऐकून शालिग्रामला राग यायला हवा होता. आधी आलं ते बरं वाटणं. मोठ्या माणसानं गप राहा म्हटलं, आता आपल्यावर काही नाही. घरी येऊन तो जेवला सुद्धा. आणि हात धुताना त्याला ते बरं वाटलेलं आठवलं, आणि स्वतःची शिसारी आली.

सकाळी तिच्या जुन्या आणि छापलेल्या अशा दोन्ही ओळींचे कागद घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला. वच्छलाबाई वांगी निवडत होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. फाईल डिलीट झाली नव्हती आणि अशा आणखी अकरा ओळी आहेत, हेही सांगितलं.

"मुडद्या!" वच्छलाबाईंनी हातातलं वांगं खाली आदळलं. "काल तोंडावर खोटं बोलला तू माह्या पोरीच्या?"

"हाव, मावशी."

कोकिळाताईनं कागद दोनदा वाचला. "म्हणजे मी लिहिलं होतं," ती म्हणाली. एवढंच. मग विचारलं, "काल काऊन नाही सांगतलं?"

"भेव वाटलं, ताई. माफ करा मले."

"माफीचं मंग पाहू. आधी चाल पिंपळगावले."

"मी समजावतो बुवाले. सोयरीक पुन्हा..."

"आग लागो सोयरिकीले! त्या माणसानं माह्या पोट्टीसमोर मले लबाड म्हटलं. तू पोट्टीसमोरच सांगजो."

खामगावहून गाडी बदलून ते दुपारी पोचले. कारभारीबुवा बाजेवर होते. शालिग्रामनं कागद पुढं धरला, कंसाचं सांगितलं. बुवांनी कागदाकडं पाहिलंही नाही.

"मशीन कुठं चुकते का? माणूसच खोटं बोलते."

"मशीन नाही चुकली, बुवा. मी चुकलो. यायनं सारं खरं लिहिलं होतं. मीच ते काढून टाकलं, न तपासलं नाही. इचारलं तेव्हाही लपवलं. लबाड मी आहे."

छोटी आईचा पदर धरून त्याच्याकडं टक लावून पाहत होती. बुवांनी मग कागद घेतला, लांब धरून वाचला. मान खाली गेली.

"मले काय माहीत, बाई."

"आता माहीत झालं न?" कोकिळाताई म्हणाली. पाणी आलं, ते तिनं पोरीला पाजलं, स्वतः घेतलं नाही, आणि उठली.

स्टँडवर ती पोरीला घेऊन सावलीत बसली. शालिग्राम उन्हातच उभा होता. हलकं वाटेल असं त्याला येताना वाटलं होतं. तसं काही झालं नव्हतं.

"बाकीचे अकरा कोण?" तिनं अचानक विचारलं.

त्यानं खिशातून यादी काढली. "उद्यापासून जातो, ताई. एकेकाकडं."

"इथं जवळ कोण आहे?"

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. सातवं नाव. माणिकराव, पिंपळगाव राजा. गिळलेली ओळ, डाव्या पायाने अधू, आधी सांगणे.

"इथलंच आहे एक."

"मंग उद्या काऊन?"

गाडी आली. तिनं पोरीला उचलून आत चढवलं आणि मागं वळून पाहिलं नाही. शालिग्राम गाडीत चढला नाही. पानठेलेवाल्याला त्यानं माणिकरावचं घर विचारलं.

"कोणता माणिकराव? ते लंगडे का?" पानठेलेवाला म्हणाला. "परवाच पोरीवाले पाहून गेले त्यायले. लय भांडण झालं."

"हाव," शालिग्राम म्हणाला. "तेच."