नसलेला इंटरप्रिटर पास होतो

पाणीखात्याच्या मशीनरूममध्ये नवा इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम, पहिल्याच झटक्यात बांधून झाला, सगळ्या चाचण्यांत पास झाला, आणि शंकासुराला संशय आला.

शंकासुर हे नाव त्याला ऑफिसने ठेवलेलं. लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी तो तिला तळ आहे ना, हे बघून घ्यायचा.

मशीन कपाटाएवढं, त्यावर एका बड्या कंपनीची युनिक्स नावाची विकतची ऑपरेटिंग सिस्टिम. अशा मशीनवर बाहेरची स्क्रिप्टिंगची भाषा सोर्सपासून, म्हणजे तिच्या मूळ कोडपासून, बांधायची, म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून स्वयंपाक करायचा. डबे सगळे आहेत, फक्त मीठ कुठल्या डब्यात ते घरातलं कुणी सांगत नाही. पहिल्या प्रयत्नात अशा ठिकाणी काहीच जमत नाही. आणि इथे तर एकही चाचणी नापास नव्हती.

उद्या सकाळपासून शहराचे व्हॉल्व्ह एक नवी स्क्रिप्ट उघडणार होती. ती वाचणं फक्त या नव्या इंटरप्रिटरला जमणार होतं. कंपनीने मशीनसोबत दिलेला जुना इंटरप्रिटर तिच्या पहिल्या पानावरच मान टाकायचा. नवा उद्या मध्येच आडवा झाला, तर टेकडीवरची सगळी घरं कोरडी. संध्याकाळपर्यंत शंकासुराने हो म्हणायचं, की खात्याच्या प्रमुख मॅडम हाताने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यांना सुट्टी देणार.

त्याने पहिला संशय घेतला तो मेव्हण्यावर. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच मशीनचा सांभाळ करायचा. सगळे पासवर्ड त्याच्याकडे. शिवाय कुठलीही गोष्ट गोड करून टाकायची त्याला खोड होती. पण तो आईसोबत टेकडीवरच राहायचा. स्वतःच्या आईचा नळ कोण तोडेल? शंकासुराने यावरही थोडा विचार केला आणि तो विचार तात्पुरता बाजूला ठेवला.

मग त्याने नीट डोकं लावून सोर्समध्ये मुद्दाम एक चूक घातली. दोन अधिक दोन पाच, असं लिहिलं. पुन्हा बांधलं, पुन्हा चाचण्या लावल्या. बेरजेची चाचणी पास. सगळ्याच पास.

घाम पुसून त्याने बांधलेला इंटरप्रिटरच उडवून टाकला. फाइल नाही, काही नाही. चाचण्या लावल्या. जो अस्तित्वातच नव्हता तो पुन्हा पहिल्या वर्गात पास झाला.

एवढी हुशारी शंकासुराने आयुष्यात पाहिली नव्हती. परीक्षेला भलताच कुणीतरी बसत होता, एवढं मात्र नक्की झालं.

त्याने मेव्हण्याला बोलावलं, दार लावलं आणि अगदी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, की चाचण्यांच्या फाइलला कुणी हात लावला होता का. मेव्हण्याने चेहरा जराही न हलवता सांगितलं, की हो, त्यानेच. सकाळी शंकासुर चहाला गेला तेव्हा स्क्रीनवर तक्रार आली होती, की इंटरप्रिटर चालू होत नाही.

"मग?"

"मग काय भाऊजी, मशीनकडून नवा चालू होत नव्हता. कंपनीचा होता जागेवर. मी त्याचा पत्ता लिहून दिला."

"अरे, परीक्षा नव्याची होती. प्रश्न साधे, जुन्यालाही जमतील असेच आहेत."

"ते मशीनने कुठे सांगितलं? इंटरप्रिटर पाहिजे म्हणालं, दिला."

यात लबाडी शोधायचा शंकासुराने मनापासून प्रयत्न केला. सापडली नाही. शुद्ध मदत होती, आणि तेच जास्त भयंकर होतं.

दोघे कामाला बसले. आधी दोन अधिक दोन पुन्हा चार केले. आपल्या लायब्ऱ्या, म्हणजे सोबत लागणाऱ्या तयार कोडच्या फाइली, कुठे आहेत हे नव्याला कळत नव्हतं, कारण या युनिक्सवर ते सांगायच्या सेटिंगचं नावच वेगळं होतं. ते दिल्यावर नवा उठला आणि चाचण्यांमध्ये धडाधड नापास होऊ लागला. शंकासुराचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. सोर्सवरून प्रोग्रॅम बांधणारा कंपनीचा कंपायलर वेग वाढवण्याच्या नादात कामाच्या पायऱ्याच गाळत होता. त्याची घाई बंद करून सगळं पुन्हा बांधलं. दिवे लागायच्या सुमारास एकच चाचणी नापास राहिली. ती स्क्रीन-कीबोर्डच्या एका जुनाट टर्मिनलबद्दल विचारत होती, ज्याची ओळख फक्त कंपनीच्या जुन्या इंटरप्रिटरला होती. व्हॉल्व्हचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता.

"ही काढून टाकू का? मॅडमना सगळं हिरवं दिसेल," मेव्हणा म्हणाला.

"हात लावलास तर तुझ्या बहिणीला सांगेन."

मॅडम आल्या. त्यांनी ती एक लाल ओळ पाहून विचारलं, की दुपारी तर सगळं पास होतं, मग तेव्हापासून तुम्ही बिघडवलं काय. शंकासुराने सांगितलं, की दुपारी पास झाला तो दुसरा होता. हा थोडा कमी हुशार आहे, पण आहे. मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"उद्या पाणी येईल?"

त्याने ती लाल ओळ पुन्हा एकदा वाचली. मग हो म्हणाला.

सकाळी त्याने आधी टेकडीवर फोन लावला. फोन मेव्हण्याने उचलला आणि पाणी जोरात येतंय म्हणून सांगितलं. तो काहीही गोड करून सांगतो, हे ठाऊक असल्याने शंकासुराने फोन सासूबाईंकडे द्यायला लावला. त्यांनी आधी विचारपूस केली, मग फोन नळाखाली धरला. धो धो आवाज आला आणि फोन बंद पडला.

"पटलं आता?" बायकोने विचारलं.

"आवाज पाण्याचाच वाटला," तो म्हणाला.