शेवाळाची तक्रार

निवृत्त विनोदी लेखकाचा घरात काही उपयोग नसतो, हे आमच्याकडे कधीच ठरून गेलं होतं. त्यामुळे पुतणीच्या विद्यापीठाने संशोधक मुलांचा आठवड्यातून एकदा ललित लेखनाचा तास घ्यायला मला बोलावलं, तेव्हा बायकोने डबा न मागता भरून दिला.

पुतणी शेवाळावर पीएचडी करत होती. शेवाळ वाढायचं हिरवंगार, पण त्याला बीजाणूंची बोंडं धरेनात, आणि सगळा प्रबंध त्या बोंडांवर बेतलेला. सत्र संपेपर्यंत काही झालं नाही तर सोडून देणार, असं तिने मला सांगून टाकलं होतं. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. वर्गात सगळ्यांच्याच होतं, गणवेशासारखं.

मी म्हटलं, तुमचा विषय उद्या बोलायला लागला तर तुम्हाला काय सुनावेल ते लिहा. इतिहासाच्या पोराला त्याच्या राजाने तळटिपांवरून झापलं. मग पुतणीने वाचायला घेतलं. तिचं शेवाळ म्हातारं आणि खवचट होतं. वळण आमच्याच घराण्याचं.

"बाई गं, पाणी देतेस, गारवा देतेस. पण जरा डोळा लागतोय तोच तुझे भाऊबंद समोर दिवे लावून बसलेले. झोपच नाही, तर पोरं कुठून व्हायची?"

सगळे हसले. ती हसली नाही. कागद तसाच बाकावर टाकून ती प्रयोगशाळेकडे धावली.

शेवाळाच्या कपाटातले दिवे वेळेवर विझत. पण कपाटाला काचेची दारं, आणि प्रयोगशाळेचा नियम असा की शेवटी निघेल त्याने खोलीचे दिवे घालवायचे. शेवटी कुणी निघतच नसे.

गोष्टीवरून प्रयोग बदलायचा का, असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं. मग मुलांच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या, बदलाच. संध्याकाळी दिवे बंद होऊ लागले. मुलांना नाइलाजाने घरी जाऊन झोपावं लागलं.

सत्र संपत आलं तेव्हा पुतणीने मला भिंगापाशी उभं केलं. केसाहून बारीक देठांचं एक रान, प्रत्येक देठाच्या टोकाला बोंड. माझ्यादेखत एकाचं झाकण गळून पडलं आणि आतून धुरासारखे बीजाणू उठले. माणसाच्या आधीपासून हे असंच चाललंय, शेजारी उभ्या मार्गदर्शक बाई हळूच म्हणाल्या. आयुष्यभर मी दिसेल त्यावर शेरे मारण्याचे पैसे घेतले. तेव्हा मात्र चष्मा पुसून पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"काका, चला आता," पुतणी म्हणाली. "त्यांची झोपायची वेळ झाली."

तिने दिवा घालवला. आम्ही तिघं चपलांचा आवाज न करता बाहेर पडलो.