स्टुडिओच्या भिंतीवरचा परदेश

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे हो, एवढं कुठलं माझं नशीब! मी फोटो स्टुडिओतला पडदा, माणसांच्या पाठीमागे उभा राहणारा. माझ्यावर समुद्रापलीकडचा एक बर्फाचा देश आहे. डोंगर, तळं, तळ्याकाठी लाकडी घर. निम्म्या गावाने परदेश पाहिला तो माझ्यावरच.

मला रंगवणाऱ्या पेंटरने तो देश बापजन्मात बघितला नव्हता. समोर कॅलेंडर टांगलं आणि लागला ब्रश फिरवायला. तळ्यापर्यंत आला तेव्हा निळा रंग संपला. मग दवाखान्याच्या दारांना लावून उरलेला डबा त्याने आणला आणि तोच तळ्यात वापरला. लोक म्हणायचे, "अहाहा, काय पाणी आहे!" मी मनात म्हणायचो, दारं आहेत ती, दारं.

मालक म्हणजे फोटोग्राफर. धंद्यात महा हुशार. खुंटीला एक लाल लोकरी कोट टांगलेला असायचा. गिऱ्हाइकाने तो चढवायचा, हात चोळायचे आणि हसायचं. फोटो कायम गुडघ्याच्या वर, कारण खाली फरशी दिसते. नवी जोडपी यायची, निवृत्त मास्तर यायचे, हौसेने फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचे. पंखा लावायची सोय नव्हती, वाऱ्याने डोंगर हलायचे ना! घामाने निथळत थंडीचं सोंग चालायचं.

तो कोट रोज झटकायची, इस्त्री करायची ती मालकाची बायको. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. दुकान उघडलं की मालकाची हाक यायची, "लाईट बघायचाय, उभी राहा गं जरा." वहिनी कोट घालून माझ्यासमोर उभी राहायची. तो दिवे मागेपुढे करायचा. "हनुवटी वर... बास, झालं. हो बाजूला." बटण काही दाबायचा नाही. बायकोवर रीळ कोण वाया घालवतं! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी रोज बघत होतो.

दुकान रिकामं असलं की वहिनी माझ्याजवळ यायची. लाकडी घराच्या दारावर बोट टेकवायची आणि म्हणायची, "अहो, एकदा जाऊ या ना आपण तिकडे." हट्ट नाही, रडगाणं नाही. दुसरं काही मागितलेलं मी तरी ऐकलं नाही. मालक म्हणायचा, "लग्नसराई संपू दे." लग्नसराई संपली की परीक्षेच्या अर्जांचे फोटो, ते संपले की पुन्हा लग्नसराई. कामाला काय तोटा?

मग एक दिवस एका ट्रॅव्हल कंपनीचा माणूस आला. त्यांची सहल त्याच देशाला निघाली होती आणि सोबत फोटोग्राफर हवा होता. वहिनीचा चेहरा असा उजळला म्हणता!

"मी पण येते ना!"

"अगं, मी काय फिरायला चाललोय? काम आहे काम. आणि दुकान कोण बघणार?"

तो गेला. वहिनीने दुकान बघितलं. लाल कोट मात्र मालकाने नेला, तिकडे थंडी असते ना! म्हणजे बघा, इस्त्री करणारी घरी राहिली आणि कोट परदेश फिरून आला.

मालक परत आला तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत वहिनीने विचारलं, "पाणी खरंच एवढं निळं आहे का हो?"

"पाणी म्हणजे पाणी. काही नाही गं तिथे. त्यापेक्षा आपला पडदा बरा."

कोट धुवायला घेताना वहिनीने त्याचे खिसे उलटे केले, चांगले झटकले. त्यातून काहीच पडलं नाही. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. मालकाला वाटलं, पटलं हिला. कसलं पटतंय! आशा सुटली होती तिची.

एकदाच काय ते बटण दाबलं गेलं. रीळ धुवायला टाकायचं होतं आणि एक फ्रेम उरली होती. "उभी राहा, संपवून टाकतो," मालक म्हणाला. नेहमीसारखं जवळ येऊन गुडघ्यावरून घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत त्याने. पाठीमागे बर्फ, अंगात लाल कोट आणि खाली फरशीवर वहिनीच्या घरातल्या सपाता. वहिनी मात्र अगदी मनापासून हसली होती.

यंदा वहिनी गेली. तापाचं निमित्त झालं. भेटायला येणाऱ्यांसाठी फोटो मांडायचा, तर फोटोच नाही! गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एक धड फोटो नसावा? मालकाने कपाटं उपसली. शेवटी ती उरलेली फ्रेम सापडली. त्याने ती मोठी करून आणली आणि टेबलावर पट्टी ठेवून सपाता कापून टाकल्या.

हे मी बघितलं, कारण मी आता घरीच असतो. स्टुडिओत कॉम्प्युटर आलाय, हवा तो देश त्यातच मिळतो. मी बाहेरच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला गुंडाळून उभा आहे.

वहिनीची धाकटी बहीण लांबच्या गावाहून आली; तिने मला कधी पाहिलेलं नव्हतं. फोटोसमोर बराच वेळ बसली.

"भाऊजी, ताई तिकडे जाऊन आली होती? मला कधी बोलली नाही."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खरं सांगेल.

"हो, गेलो होतो एकदा," मालक म्हणाला. "बोलायची कुठे ती फारसं."

बहिणीने डोळे पुसले. "बरं झालं हो. लहानपणापासून वेड होतं तिला. तेवढं तरी सुख लाभलं. फार चांगलं केलंत भाऊजी."

मालकाने मान डोलावली. खाली बघत का होईना, डोलावली.

मीही जन्मभर खोटंच दाखवलं, नाही कुठे म्हणतोय? पण माझ्यासमोर उभं राहणाऱ्याला ठाऊक असायचं की मागे कापड आहे. तुमच्या घरात कुणी विचारत असेल, पाणी खरंच एवढं निळं आहे का, तर उत्तर देत बसू नका, बरोबर न्या. नाहीच जमलं, तर निदान ती गेल्यावर 'नेलं होतं' म्हणू नका.

मला जीभ नाही. असती तर त्या बहिणीला हाक मारून सांगितलं असतं, बाई गं, तुझी ताई कुठेही गेली नव्हती. तिच्या पायात घरातल्या सपाता होत्या.