अकरा फोल्डरांच्या आतून

विषय : परिचारिकेच्या बदलीचा अर्ज मुख्य कार्यालयात न पोहोचल्याबाबत.
संदर्भ : मी स्वतः.

उपरोक्त विषयी सादर करते की, मी एक फाईल बोलते आहे. कागदाची नव्हे, संगणकातली.

माझ्या पोटात एकच अर्ज आहे. रुग्णालयातल्या एका सिस्टरांनी आपल्या गावी बदली मागितली आहे. तिथे त्यांच्या आईची दृष्टी गेली आहे आणि घरात दुसरे कुणी नाही.

माझा जन्म हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या हातून झाला. माणूस शिस्तीचा. त्यांनी विभागाच्या फोल्डरात शाखेचे, शाखेच्या फोल्डरात टेबलाचे अशी उतरंड रचली आणि प्रत्येकावर हुद्द्यासकट पूर्ण नाव घातले. अशी अकरा दारे ओलांडली की मी. माझा पत्ता वाचताना धाप लागावी. पण त्यांच्या संगणकाने कधी हूं की चूं केले नाही.

मुख्य कार्यालयातला संगणक वेगळ्या घराण्यातला. तिथल्या प्रोग्रामला पत्ता अडीचशे अक्षरांच्या फार पुढे गेलेला चालत नाही. बरे, तसे तोंडाने सांगावे! त्याने मला गुपचूप वगळले आणि पडद्यावर ‘सर्व फायली प्राप्त’ असे छापले. नोकरीत चांगलाच मुरलेला असावा.

बदल्यांच्या दोन याद्या निघाल्या. दोन्ही वेळा सिस्टरांना उत्तर मिळाले, तुमचा अर्जच नाही. तिसऱ्यांदा त्या आल्या, तेव्हा भाऊसाहेबांनी मला उघडून दाखवले.

“ही बघा. आहे की इथे.”

“इथे आहे, हे आईला सांगून काय करू, भाऊसाहेब?”

 भाऊसाहेबांनी फायली पाठवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीला बोलावले. तिने माझा पत्ता शेवटपर्यंत वाचला.

“काका, हा पत्ता आहे की वंशावळ?”

तिने फोल्डरांची नावे आखूड केली. हुद्दे कापले जात असताना भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. शिवाय तिने प्रोग्रामला नवी सवय लावली: फाईल जिथे जायची, तिथल्या संगणकाला तिचा पत्ता चालेल का, ते आधी तपासायचे; चालत नसेल तर स्पष्ट सांगायचे. पहिल्याच तपासणीत माझ्यासारख्या आणखी एकतीस जणी सापडल्या. भाऊसाहेबांनी त्या एकेक करून स्वतः रवाना केल्या, जेवणाची सुट्टी न घेता.

मी सोमवारी पोहोचले. पोच मिळाली. सिस्टरांनी तिचा क्रमांक आईला फोनवर दोनदा वाचून दाखवला.

बदल्यांची बैठक महिनाअखेरीस आहे. अर्ज प्रलंबित आहे.