निळ्या चौकड्याची चिंधी

ऑर्किडच्या मुळांतून डोकावणारी ती निळी चिंधी — चौकड्याची, कडेला वाकडी टीप — कासिल्दाने बोटाने दाबून पाहिली, बुळबुळीत लागली, आणि तिला शिसारी आली. नवऱ्याचा, एवारिस्तोचा सदरा. मी शिवलेला. त्याला पुरलं तेव्हा रिवाजाप्रमाणे तिनेच तो फाडून, त्या पट्टीने हे ऑर्किड कबरीवरच्या झाडाला बांधलं होतं. आणि आता ते इथे, तिच्याच ओसरीत, ऑर्किडं गोळा करत आलेल्या परदेशी साहेबाच्या टोपल्यात, कुजक्या पानांच्या वासात...

"निकानोर, हे कुठलं?"

दीर अरेपा, मक्याची जाड भाकरी, चावत म्हणाला, "डोंगरावरचंच, वहिनी. साहेब बोट दाखवतो, आपण काढायचं."

"कबरींच्या क्रुसांमधल्या झाडावरचं?"

"चढलो नाही हं! मयताच्या झाडावर चढू नये, एवढं कळतं मला. बुंध्यातूनच तोडलं, आडवं पाडलं, मग काढलं."

चढला नाही म्हणे! अख्खं झाड पाडलं, पण रिवाज मोडला नाही — आणि तोंडात घास तसाच, वर कौतुकाची वाट बघतोय. आतून साहेबाचे सूप भुरकल्याचे आवाज येत होते. दाढीला लागलेलं तो बोटाने पुसायचा, बोट चाटायचा, त्याच बोटाने फुलं चाचपायचा.

"ते सगळ्यांत सुंदर, सेन्योरा," तो आतून ओरडला, "त्याला माझ्या बायकोचं नाव देणार! आणखी थोडं सूप मिळेल?"

एवारिस्तोच्या सदऱ्याला या साहेबाच्या बायकोचं नाव! तिने सुरी उचलली. पण चिंधीच्या विणीतून मुळं आरपार गेली होती — चिंधी सोडवावी तर ऑर्किड मरणार, राहू द्यावी तर सदरा समुद्रापार जाणार. आणि अंगणात खेचरांवर टोपल्या चढायला लागल्यासुद्धा...

तेवढ्यात तिला पानाआड कळी दिसली. उकललेली, जांभळी, टवटवीत. या घाणीत, त्या माणसाच्या टोपल्यात, खुशाल फुलत होती.

"लाज नाही वाटत?" ती त्या फुलाला मोठ्याने म्हणाली.

"कुणाला, मला?" निकानोरने विचारलं.

एवारिस्तोही असाच — कुणीही घोटभर पाजली की त्याच्या ओसरीत बसून हसत राहायचा, घरी चूल पेटवून मी वाट बघतेय याची शुद्धच नाही... सुरी हातात तशीच होती, आणि तो गेल्यापासून आज पहिल्यांदाच ती त्याच्यावर मनापासून चिडली होती, जिवंत माणसावर चिडावं तशी.