नुसता मुंढा

मास्तरांच्या खांद्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि संशयाला अकरा. दुकानात कापायचं टेबल त्यांचं आणि शिलाई मशीन धाकट्या भावाचं, असा सव्वीस वर्षांचा कायदा होता. आता धाकटा दोन्हीकडे होता. मागच्या खोलीत उजवा हात झोळीत घालून पडलेले मास्तर कात्रीच्या आवाजाकडे कान लावून असत.

"कापड कापतोय की काकडी?" ते बायकोला विचारत.

आठव्या दिवसापासून खांदा ठणकत होता, दुपारी अंगात कसकस येई. सूज किंवा ताप आला तर ताबडतोब या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पुन्हा दवाखाना म्हणजे पुन्हा पलंग, आणि तोवर टेबल धाकट्याच्या घशात. शिंपीच ते, त्यांनी स्वतःचं तोंड शिवून टाकलं. बायकोने थर्मामीटर काढलं की म्हणत, "आत्ताच चहा प्यायलोय, चुकीचं दाखवेल."

धाकट्याने त्यांना खांद्यावर उघडा, नाड्यांनी बांधायचा सदरा शिवून दिला होता. रोज सकाळी नाड्या तोच बांधी, वहिनीला हात लावू देत नसे. गाठ मारली की उरलेल्या टोकांवरून बोटं फिरवी आणि गुपचूप निघून जाई. एवढा पुळका कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय, मास्तरांची खात्री झाली.

बाराव्या दिवशी धाकटा बाहेर गेला तसे ते उठून दुकानात गेले. त्यांची मोठी कात्री फडक्यात गुंडाळून जागच्या जागी होती. तिच्याकडे न बघता त्यांनी मापाची वही उघडली. शेवटच्या पानावर ना नाव, ना छाती, ना उंची. नुसता मुंढा: अठरा, सव्वाअठरा, साडेअठरा, पावणेएकोणीस.

नुसत्या मुंढ्याचं गिऱ्हाईक कुठलं? आणि बाही जिथे जोडायची तो घेर रोज वाढतोय? गिऱ्हाईक आहे की वेलीवरचा भोपळा? चोर सापडला, म्हणून मास्तर मनातून सुखावले.

तेवढ्यात धाकटा आला. बाहेर गाडी उभी होती.

"दादा, चल."

"आधी हे सांग! रोज वेगळं माप? टेप धरता येत नाही आणि टेबल पाहिजे?"

"टेप लावू दिला असतास? नाड्यांवरून मोजलं, उरलेली टोकं रोज आखूड होत होती. तुझाच मुंढा आहे तो."

मास्तरांनी खांद्याकडे पाहिलं. सकाळच्या गाठीला नाडीचं जेमतेम बोटभर टोक उरलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि पहिल्यांदाच भीतीही.

दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, मग धाकट्याने पुढे केलेली वही पाहिली. "आत पू झालाय. आजच उघडून धुवावं लागेल. अजून दोन दिवस काढले असतेत तर सांधा गेला असता. आता हात राहील. कात्री धरेल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

आत नेताना मास्तरांनी डाव्या हाताने धाकट्याची बाही धरली.

"उद्यापासून माझी कात्री घे."

"दादा, तू बरा झालास की..."

"घे म्हणतो ना! तुझ्या त्या छोट्या कात्रीचा आवाज काकडी कापल्यासारखा येतो. मला झोप लागत नाही."