काळ्या रानात फुटलेलं मीठ

मित्रांनो, कालव्याच्या कडेनं वडगाव निंबाळकरकडे आलात, तर उभ्या उसाच्या मधोमध तुम्हाला एक पांढरट तुकडा दिसेल. लांबून वाटेल, कुणाचं तरी चुन्याचं पोतं फुटलंय. ती मी. मी एक जुनी काळी जमीन आहे.

माझा जन्म दगडातून झाला. काळा कातळ उन्हानं तापला, पावसानं भिजला, तडकला, त्याचा भुगा झाला. तो भुगा ओढ्यांनी वाहून आणून या सखल जागी ठेवला. गवत उगवलं, कुजलं, पुन्हा उगवलं, तेव्हा कुठं मी जमीन झाले. किती काळ लागला ते मलाही ठाऊक नाही. माझ्या पोटात गांडुळं होती, मुंग्या होत्या, डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव होते. उन्हाळ्यात मला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. लोक म्हणायचे, तहानली बिचारी. खरं तर मी श्वास घेत असायचे.

आधी माझ्यात शाळू पिकायचा. मग कालव्याचं पाणी आलं आणि ऊस आला. ऊसही मी मनापासून वाढवला, खोटं कशाला बोलू? माझे मालक दत्तोबातात्या बांधावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "असलं रान पंचक्रोशीत न्हाय." मला बरं वाटायचं. पावसाळ्याआधी ते माझ्या उताराच्या बाजूचा चर उपसायचे. माझ्या अंगात जास्त झालेलं पाणी त्या चरातून खालच्या ओढ्याला जायचं.

मग कारभार त्यांच्या मुलाकडे, युवराजकडे आला. एके दिवशी तो म्हणाला, "तात्या, ह्यो चर बुजवला तर उसाच्या दोन सऱ्या वाढत्यात."

"बुजव की. उपसून उपसून माझी कंबर मोडली."

"मोडली न्हाय, आखडलीया. च्या पिताना बरी सरळ हुती."

दोघंही हसले. ट्रॅक्टर फिरला आणि चर बुजला.

इकडं एक रीत आहे. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की रान तुडुंब भरून घ्यायचं, गरज असो वा नसो. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा कुणी द्यावा? पाणी येत राहिलं आणि जायची वाट मात्र बंद झाली. ते माझ्या पोटात साचलं. खोल निजलेलं मीठ त्यात विरघळलं आणि पाण्यासोबत वर चढलं. ऊन पडलं की पाणी उडून जायचं, मीठ मागं राहायचं.

ऊस पिवळा पडला. युवराजला वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यानं आणखी पाणी सोडलं. गांडुळं जीव घेऊन वर आली आणि बांधाच्या कडेला उन्हात वाळून गेली. जी माझ्या कुशीत वाढली, त्यांना मला कुशीत ठेवता आलं नाही.

युवराजची बायको सोनम माझ्या एका कोपऱ्यात गाईसाठी घासाचा हिरवा चारा करायची. ती विळा चालवायची तेव्हा तिची लहानगी राजलक्ष्मी माझ्यावर रांगायची. एके दिवशी पोरीनं मातीवरचं पांढरं बोटाला लावून चाटलं आणि रडायला लागली.

"आवं, हिकडं या," सोनमनं नवऱ्याला हाक मारली. "पोरीच्या तोंडाला मीठ लागलंय. रानात मीठ फुटलंय आपल्या."

"खताचं आसंल. पानी पाजलं की धुऊन जातंय."

"जातंय कुठं? जायाला वाट कुठं ठिवलीया आपुन?"

दुसऱ्या दिवशी युवराजनं बुजलेला चर खणायला घेतला. मला वाटलं, आता मी वाचेन. खणत खणत तो ओढ्यापाशी पोचला, तर तिथं ओढाच नव्हता. तिथं शेजारच्या बापूसाहेबांचा ऊस उभा होता.

"तुझं खारं पानी माझ्या उसात सोडतो व्हय रं?" बापूसाहेब म्हणाले.

"बापूसाहेब, हितं ओढा हुता."

"हुता की. त्यात माती ढकलाय कुणाचा ट्रॅक्टर आणला हुता, आठवतंय का? दुपारी मटान खाऊन गेलास माझ्याकडं."

युवराजनं फावडं खांद्यावर घेतलं आणि तो परत आला.

घास जळाला. गाय विकली. सोनम आता लेकीसाठी पिशवीतलं दूध आणते. उसाची बेटं काळी पडून कुजली. बी टाकलं तर ते माझ्यात फुगतं, पण उगवत नाही.

आता त्यांनी ठरवलंय, वरच्या माळाची माती आणून माझ्यावर टाकायची.

"आदी पान्याला वाट काढा, मग माती टाका," सोनम म्हणाली.

"वाट द्यायला कोन तयार हाय?" युवराज म्हणाला.

ट्रॉल्या येऊ लागल्या आहेत. ती माती तांबूस आहे, हलकी आहे. तिच्यात गवताची मुळं अजून ओली आहेत. माझं मीठ तिच्यातही चढणार, हे मला कळतंय, पण माझं कुणाला ऐकू जात नाही. मित्रांनो, तुम्ही तरी विचारा. तुमच्या रानात पाणी कुठून येतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते जातं कुठं, एवढंच घरी विचारा. विचारून गप्प बसू नका, पाणी जायची वाट डोळ्यांनी बघून या.

माझा अर्धा भाग झाकला गेलाय. पुढची ट्रॉली बांधावर उभी आहे, आणि तिच्या मातीला गवताचा वास येतोय.